काळी माती, जांभा आणि चारही चाकं

भालकीत माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटा, पिकअपचे पाटे, मोटारसायकलींची इंजिनं हे रोजचं काम. क्वाडचं काम त्यामानाने कमी, पण एखादी दारात आली की बाकीची कामं थोडा वेळ बाजूला राहतात, कारण ती गाडी मला मनापासून आवडते. लोणावळ्याच्या बाजूला एका पार्कात भाड्याच्या क्वाड सांभाळण्याची नोकरी मी काही वर्षं केली, तिथेच हात बसला. गावी परतलो तेव्हा वाटलं, ही विद्या आता वाया गेली. तसं झालं नाही. हुमनाबाद-बिदरकडच्या काही ऊसवाल्या शेतकऱ्यांनी रानात फिरायला क्वाड घेतल्या, आणि पिकअपवर गाड्या लादून हैदराबादेहून सुट्टीला येणारी पोरं वाढली. बिदर त्यांना दीडशे किलोमीटरच्या आत पडतं. सकाळी निघून नाश्त्याला झहीराबाद, आणि ऊन तापायच्या आत पठारावर.

नवी क्वाड घ्यायची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न सीसीचा असतो. सातशे घेऊ की आठशे, किती पळते, पुढची चाकं उचलते का. हीच मंडळी दिवसभर रानात फिरून आली की वेगळंच विचारतात. उतारावर गाडी आवरत का नव्हती? ओढ्यातून बाहेर आल्यावर ओढ कुठे गेली? वळताना हँडल एवढं जड का लागतं? रायडरला गाडीकडून काय हवंय ते मी या दुसऱ्या प्रश्नांवरून ओळखतो.

उदगीरचे एक डॉक्टर माझ्याकडे गाडी आणतात. पन्नाशी ओलांडलेली, डाव्या गुडघ्याचं दुखणं. तरुणपणी बुलेटवर खूप फिरलेले. त्यांनी एकदा मागणी अगदी नेमकी सांगितली. "मिस्त्री, मला क्लच नको, पायाने गिअर नको. पण धान्याची पोती वाहायची गाडीही नको. वळणावर खेळली पाहिजे, आणि चिखलात कुणाला हाक मारायची वेळ येऊ नये." ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद आणि अंगाने हलकी, अशी एकच गाडी त्यांना हवी होती. एवढं साधं मागणं. पण बाजारात ते सहजी मिळत नाही, आणि त्याला कारण आहे.

या गाड्यांची दोन घराणी फार लवकर वेगळी झाली. 1970 साली होंडाने अमेरिकेत फुगीर टायरांची तीनचाकी आणली. चारचाकी क्वाड सुझुकीने 1982 मध्ये काढली. 1985 मध्ये पोलारिसने पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक ट्रेल बॉस आणली आणि 1986 मध्ये होंडाने चारही चाकांना ताकद देणारी फोरट्रॅक्स 350. तीनचाकी उलटून फार माणसं जखमी होऊ लागली, म्हणून 1988 मध्ये तिकडे तिची विक्रीच थांबली. तोवर शर्यतीची क्वाड एका वाटेने गेली होती: हलकी, बुटकी, हाताचा क्लच, पायाचे गिअर, साखळी आणि मागच्या दोन चाकांवर ओढ. कामाची क्वाड दुसऱ्या वाटेने गेली: ऑटोमॅटिक, चारही चाकं, पुढे-मागे सामानाच्या जाळ्या, वजन भरपूर. डॉक्टरांना हवी तशी मधली गाडी काढायचा प्रयत्न पोलारिसने 1995 मध्ये स्क्रॅम्बलर 400 आणून केला, आणि 2007 च्या सुमारास कॅन-अ‍ॅमने रेनेगेड आणली. पण पुढे ही मधली गाडीसुद्धा आठशे-हजार सीसीपर्यंत वाढत गेली आणि वजन साडेतीनशे किलोच्या घरात पोचलं. नांगरलेल्या रानात आणि पाणंदीत फिरणाऱ्या माणसाच्या हातून ती पुन्हा निसटली, असं माझं मत आहे.

आमची जमीन समजली तर ही मागणी का आहे ते समजतं. बिदर शहर जांभ्याच्या पठारावर आहे. किल्ला त्याच दगडाचा, खंदक त्याच दगडात खोदलेला. पठाराची कड संपली की खाली मांजरेचं खोरं आणि तिथून भालकी, कमलनगर, औरादकडे काळी जमीन. दक्षिणेला चिंचोळीच्या बाजूला पुन्हा जांभ्याच्या टेकड्या, आणि त्यांच्या पलीकडे सेडम, चित्तापूरकडची शेती. म्हणजे एका सकाळच्या फेरीत गाडीच्या चाकाखाली दोन अगदी वेगळ्या जमिनी येतात. एकीला जे चालतं ते दुसरीला चालत नाही.

जांभ्यावर वर गोल, बारीक, लाल खडे सुटे पडलेले असतात. ज्वारीच्या राशीवर पाय ठेवावा तसं चाक त्यावरून सरकतं. सपाटीला याची मजा आहे. मागचं चाक घसरवत वळणं घेता येतं, आणि शर्यतीच्या क्वाडचे शौकीन त्यासाठीच येतात. उतार लागला की मात्र मजा संपते. डॉक्टरांची तेव्हाची गाडी मागच्या दोन चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक होती. पठाराच्या कडेवरून मांजरेच्या अंगाला उतरणाऱ्या एका गाडीवाटेवर मी त्यांच्या मागे होतो. त्यांनी अंगठा थ्रॉटलवरून काढला. इंजिनाचा आवाज खाली आला आणि गाडी आवरण्याऐवजी मोकळी सुटली. त्यांनी ब्रेक दाबला, मागची चाकं जागच्या जागी आवळली, खड्यांवरून मागचा भाग आडवा येऊ लागला. नशीब की बाजूला बोरीची दाट झुडपं होती. गाडी त्यात जाऊन बसली, डॉक्टर खरचटण्यावर सुटले.

हे असं का झालं ते त्यांना मी तिथेच, झुडपातून गाडी ओढताना सांगितलं. या गाड्यांत दोन पुली आणि त्यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो. इंजिनाचे फेरे वाढले की पहिल्या पुलीतली वजनं बाहेर सरकतात, पुलीच्या तबकड्या एकमेकींजवळ येतात, पट्टा आवळला जातो आणि वर चढतो. गिअर बदलायची गरज उरत नाही. आपल्याकडे कायनेटिक होंडाने हीच रचना घराघरात नेली, आजच्या पेट्रोलवरच्या बिनगिअर स्कूटरीत तीच आहे. पण फेरे उतरले की अशा साध्या रचनेत पट्टा किंवा क्लच ढिला पडतो आणि इंजिन आणि चाक यांचं नातं तुटतं. गावातल्या रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. जांभ्याच्या उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवावी लागते, आणि नेमकं तिथेच ते हात सोडतं. यावर उपाय नाही असं नाही. काही कंपन्यांनी पट्टा कायम ताणलेला ठेवून, एकाच दिशेने पकडणारा क्लच घालून ऑटोमॅटिक गाडीतही इंजिनाचा ब्रेक टिकवला. यामाहाच्या ग्रिझलीत तो आहे. पुढे डॉक्टरांना एका ओळखीच्या शेतकऱ्याची तशी गाडी, लो गिअरमध्ये टाकून, त्याच वाटेवर मी चालवायला दिली. ते ब्रेकला जवळजवळ न शिवता, बसल्या बसल्या खाली आले. खाली आल्यावर त्यांनी किंमत विचारली नाही, सीसीही विचारले नाहीत. "उतरताना पुढची चाकं पण धरत होती काय हो?" एवढंच विचारलं.

तो प्रश्न महत्त्वाचा आहे. चारही चाकांची ओढ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चिखल आणि चढ येतो. उताराचा विचार फार थोडे करतात. बऱ्याच गाड्यांत पुढची चाकं आपोआप जोडली जातात, पण मागची घसरायला लागल्यावरच. चढाला ही व्यवस्था छान, कारण एरवी हँडल हलकं राहतं. उताराला मात्र थ्रॉटल सोडलेला असतो, मागचं चाक ओढत नसतं, म्हणून पुढची चाकं मोकळीच फिरत राहतात. काही मॉडेलांत उतारासाठी वेगळी सोय दिलेली असते. गाडी घेताना विक्रेत्याला हे स्पष्ट विचारलं पाहिजे: उतारात इंजिन पुढच्या चाकांना धरतं की नाही? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नये, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

आता काळी माती. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की हैदराबादची पोरं हमखास फोन करतात, चिखल कसा आहे म्हणून. ही माती पाणी पिऊन फुगते आणि जे लागेल त्याला चिकटते. टायरच्या गुट्ट्यांमधल्या फटी पहिल्या शंभर पावलांतच भरून जातात आणि मग कुठलाही टायर गुळगुळीतच. मडगार्डच्या आत माती दाबत जाते, चाक घासायला लागतं, रेडिएटरचं तोंड बंद होतं, तापमानाचा दिवा लागतो. एका पोराची गाडी अशीच अडकली होती. बांधावर उभा राहून ओरडत होता, "मामा, ॲक्सिलेटर देलालाव तरी गाडी पुढं जायना की वो!" जाईल कशी? आत पट्टा घसरून तापला होता, जळक्या रबराचा वास बांधापर्यंत येत होता. लो गिअर न टाकता, जोरात थ्रॉटल दाबून चिखलात ढकलली की पट्टा मरतो. ही माती वाळली की छिन्नी-हातोडीने काढावी लागते, म्हणून गाडी त्याच संध्याकाळी धुवायची असते, आणि पाण्याचा जोर बेअरिंगांच्या सीलवर थेट मारायचा नसतो.

पट्ट्याची पेटी हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. ओढ्यात गुडघाभर पाणी असेल आणि पेटीला हवा घेणारी नळी खाली असेल तर पाणी आत जातं. ओला पट्टा पुलीवर घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. पेटीच्या तळाचं बूच काढून पाणी सोडायचं, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडी रेस द्यायची, पट्टा वाळतो. हे काम सोपं आहे, पण बूच हाताला लागेल अशा जागी असेल तर. मी अशा गाड्या पाहिल्यात की त्या बुचापर्यंत पोचायला पायपाटा उघडावा लागतो. ओढ्याच्या काठावर, अंधार पडत असताना, कुणी तो उघडायचा? आमच्या भागातल्या रायडरला नवा पट्टा मिळायचा तर पुणे किंवा हैदराबादेहून मागवावा लागतो, त्यात दिवस जातात. म्हणून हवेची नळी हँडलच्या उंचीला हवी, बूच उघड्यावर हवं, आणि शिल्लक पट्टा सीटखाली ठेवून तो दहा नंबरच्या पान्याने रानात बदलता यायला हवा. ताकदीचे आकडे छापणाऱ्या पत्रकात हे कधी लिहिलेलं नसतं.

हँडलखालच्या त्याच उंच जागेतून इंजिनालाही श्वास घेऊ द्यावा. जांभ्याची लाल धूळ पिठाहून बारीक असते, उन्हाळ्यात एका फेरीत एअर फिल्टर लाल होतो. फोमचा, धुऊन तेल लावून परत घालता येणारा फिल्टर असला की काम भागतं. कागदी फिल्टरवाल्यांना मी दुसरा जवळ ठेवायला सांगतो. कलबुर्गीकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा रेडिएटरचा पंखा आणि मांडीला लागणारी इंजिनाची धग या दोन्ही गोष्टी सकाळी अकरानंतर गाडी चालवणाऱ्याला कळतात.

बाहेरच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही असा इथला एक शत्रू म्हणजे तुरीचं धसकट. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते पीक इकडे सगळीकडे आहे. कोयत्याने तिरकी कापलेली तूर जमिनीवर वीतभर खुंट ठेवते. वाळल्यावर तो खुंट खिळ्याइतका कडक. ट्रॅक्टरवाले त्याला भिऊन असतात, मग क्वाडच्या टायरात पाच-सात पौंड हवा, त्याचं काय? पंक्चर झालं तर तुकडा ठोकून भागतं, ट्यूबलेस असल्याने. खरी हानी आत होते. चारही चाकांना ताकद द्यायची म्हणजे प्रत्येक चाकाकडे एक शाफ्ट जातो आणि त्याच्या सांध्यावर रबरी बूट असतो. धसकटाने तो बूट फाडला की ग्रीस बाहेर येतं, माती आत जाते, आणि काही दिवसांनी वळताना टक-टक आवाज सुरू होतो. तो आवाज घेऊन गाडी माझ्याकडे आली की मला महिना विचारावा लागत नाही, जानेवारी-फेब्रुवारी असतो. म्हणून बुटांवर प्लास्टिकचं जाड संरक्षण हवं, पोटाखाली अखंड पत्रा हवा, आणि जमिनीपासून पोट किमान अकरा इंच वर हवं. शर्यतीच्या क्वाडची मागची सरळ अॅक्सल इथे नेमकी धसकटात आणि बांधाच्या दगडांत अडकते. मागची दोन चाकं वेगवेगळी वर-खाली होणारी गाडी चाकोरीच्या खोल खड्ड्यांत माणसाच्या कमरेला फार जपते.

वजनाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शर्यतीची क्वाड दोनशे किलोच्या आसपास. ती आडवी झाली तर दोघे मिळून उभी करतात. साडेतीनशे किलोची गाडी नाल्यात कलंडली आणि माणूस एकटा असला तर तो गावातून माणसं आणेपर्यंत काही करू शकत नाही. आणि पाय खाली सापडला तर तेही नाही. रुंदी पण बघावी. बांध आणि बाभळ यांच्यामधून जाणाऱ्या पाणंदीत चार फुटांची गाडी आरामात जाते, त्याहून रुंद गाडी काट्यांतून अंग सोलून घेत जाते. पाचशे सीसीच्या आसपासचं इंजिन या सगळ्या कामाला पुरून उरतं. हजार सीसीची ताकद वापरायला आमच्या पाणंदीत सरळ रस्ताच नाही.

आणि पाठीमागे कुणाला बसवू नका. ही गाडी चालवणाऱ्याच्या अंगाच्या झोकावर वळते. वळणाच्या आत शरीर झुकवावं लागतं. मागे माणूस बसला की तो झोक जातो, चढावर पुढची चाकं उचलली जातात. एका माणसाच्या सीटवर बायको-मुलांना घेऊन फिरणारे लोक मी पाहतो, तेव्हा जीव वरखाली होतो. अंगठ्याच्या थ्रॉटलचंही एक आहे: मोटारसायकलवाल्यांना तो सुरुवातीला खटकतो, पण खड्ड्यात अंग मागे गेलं तरी मूठ आपोआप पिळली जात नाही, हा त्याचा फायदा. स्प्रिंग मात्र हलकी हवी. दुपारपर्यंत अंगठा आखडला, ही तक्रार मी सीसीच्या तक्रारीपेक्षा जास्त ऐकतो.

कायद्याचंही नीट समजून घ्या. पोलारिस 2011 मध्ये भारतात आली, पण आपल्याकडे बहुतेक क्वाड रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदवता येत नाहीत. 2021 मध्ये त्याच कंपनीने स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून आणली, तिला नंबर मिळतो. बाकीच्यांनी गाडी पिकअपवर घालूनच आणावी. चिंचोळीचं जंगल अभयारण्य आहे, तिथे 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि क्वाड घेऊन तर शिरूच नये. बिदरभोवतीच्या माळांवर काळवीट आहेत. कळप दिसला की इंजिन बंद करून ते जाईपर्यंत थांबायचं, पाठलाग करायचा नाही. नौबादजवळ बहामनी काळातली भुयारी पाण्याची करेझ आहे आणि तिच्या मार्गावर जागोजागी उभ्या विहिरींची तोंडं आहेत. त्या बाजूला चाक नेऊ नये, जिवासाठीही आणि वारशासाठीही. जून ते डिसेंबर रानात मूग, उडीद, सोयाबीन, तूर, ज्वारी काही ना काही उभं असतं. त्या दिवसांत गाडीवाट आणि पाणंद सोडायची नाही. धसकटाचे दिवस निघून मार्च-एप्रिलमध्ये नांगरट झाली की शेतकऱ्याला विचारून रानात उतरा. विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट विहिरीवर पाणी पाजतात.

माझा निवाडा असा: बिदर-कलबुर्गीच्या रानासाठी पाचशेच्या आसपासची, तीनशे किलोच्या आतली, चार फूट रुंद ऑटोमॅटिक घ्या, लो गिअर असलेली, पुढची चाकं बटणाने जोडता येणारी आणि मागची चाकं सुटी वर-खाली होणारी. नवी तशी मिळाली नाही तर हलकी, कामाची क्वाड घेऊन तिच्या सामानाच्या जाळ्या उतरवा, स्प्रिंगा आणि शॉक बदला, हवेच्या नळ्या वर घ्या. मी तेच करून देतो आणि डॉक्टर आज तशीच गाडी चालवतात. आणि विकत घेण्याआधी गाडी एखाद्या उतारावर न्या, लो गिअर टाका आणि अंगठा थ्रॉटलवरून पूर्ण काढा. ती मोकळी सुटली तर चावी परत देऊन या.